न उसवणारी शिवण

माझ्या थोरल्या मुलाबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती त्याच्या तोंडावर करून झालेली असल्यामुळे इथे लिहायला मला काही वाटत नाही. त्याला 'कशाला' हा शब्द येत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेईल, चप्पल जागेवर नसली तर सगळ्यांचा उद्धार करील, पण ऑर्डर घेऊन कुणी दारात उभा राहिला की याच्या तोंडाला कुलूप! किती नग, कधी हवेत, कापड कुणाचं, बस्स. ते नग जाणार कुठे, वापरणार कोण, हे विचार म्हटलं की म्हणतो, "आई, आपल्याला काय करायचंय? आपण शिवणारी माणसं."

आता तुम्ही म्हणाल, बाई, त्यात एवढं काय? आमच्याकडचेही असेच आहेत. तेच तर म्हणते मी! तुमच्याकडचेही असेच आहेत, म्हणून तर लिहायला बसले.

आमचा शिवणाचा कारखाना म्हणजे खाली एक लांबलचक खोली. तिच्यात दोन ओळींत मशीन, टोकाला कापायचं टेबल. जिन्याने वर गेलं की आमचं घर आणि त्याला लागून एक जादा खोली. यजमान गेले तेव्हा एकच मशीन होतं, तेही पायाचं. बाकीची मी एकेक करून उभी केली, म्हणून शेवटचा शब्द माझा. थोरला ऑर्डरी आणतो, कटिंगमास्तर कापतात, सून मशीनवर बसते आणि बाकीच्या बायकांवर नजरही ठेवते. आणि गठ्ठा बाहेर जाण्याआधी मी शिवण दोन्ही हातांनी ओढून बघते. कापड फाटेल, पण आमच्या घरची शिवण उसवणार नाही. हे काही फुशारकी म्हणून सांगत नाही. नाही, खोटं कशाला बोलू, फुशारकी म्हणूनच सांगते. ती आम्हाला कुठे घेऊन गेली ते पुढे बघा.

वरच्या जादा खोलीत एक बाई राहते. सीमेपलीकडची. तिच्या देशात निवडणूक झाली, मतं मोजली, आणि निकाल पसंत पडला नाही म्हणून लष्कराने एका सकाळी सगळा कारभार आपल्या हातात घेतला. निवडून आलेले तुरुंगात, रस्त्यावर रणगाडे. पण तिथल्या माणसांनी मान खाली घातली नाही हो! मास्तरांनी शाळेत जायचं सोडलं, बँकेतले घरी बसले, रेल्वेवाल्यांनी गाड्या होत्या तिथे उभ्या केल्या. ही दवाखान्यात नर्स, नवरा शाळामास्तर. दोघंही त्या संपात. त्याला पकडून नेलं, ही निसटली. आमच्या सुनेने तिला 'ताई' म्हटलं आणि मग सगळा कारखाना ताई म्हणायला लागला. आमची भाषा तिला मोडकीतोडकी येते. काज-बटणाचं काम ती आपल्या खोलीतच करते. खाली चार माणसांत बसलं की रडू येतं म्हणते. नवरा जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा त्या बिचारीला माहीत नाही.

थोरल्याला तिची दया यायची, नाही असं नाही. जिन्यातला दिवा गेला तर तिच्यासाठी लगेच बदलायचा. पण संध्याकाळी ती मोबाइलवर तिकडच्या बातम्या लावायची, तेव्हा हा ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचा.

"अहो, बसा ना," सून म्हणायची. "तिला बरं वाटेल."

"त्यांच्या देशातलं भांडण, त्यांचं ते बघतील. आपल्याला काय करायचंय?"

अशातच तो ऑर्डरवाला आला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. त्याने टेबलावर एक नमुना ठेवला. जाड काळ्या कापडाची पिशवी, हातभर लांब, तळाशी गोलसर, तोंडाला नेफा आणि त्यात नाडी.

"कशासाठी आहेत या?" मी विचारलं.

"वाळूसाठी, आजी. वाळू भरायला."

"वाळूला एवढं चांगलं कापड? आणि तळ गोल कशाला?"

थोरल्याने माझ्याकडे असे डोळे वटारले, जणू मी पाहुण्याचा चहा सांडला होता. "आई, त्यांना काय हवं ते त्यांना कळतं." आणि त्याच्याकडे वळून, "किती नग?"

मी आणखी विचारलं असतं. पण त्या नमुन्याची नाडी मी ओढून बघितली, आणि तिथेच माझं लक्ष भरकटलं. कसली ती शिवण! नाडी ओढली की बंद व्हायची, आणि जरा हलवली की सरकून तोंड पुन्हा उघडं. असला माल आमच्या दारातून बाहेर जाणार? मी पिशवी घेऊन मशीनवर बसले. नेफा दुहेरी केला, नाडी त्यातून दोनदा फिरवली आणि ती जिथे एकमेकींवरून जाते तिथे एक पक्का आडवा टाका घातला. आता ओढली की आवळली. हिसके मारा, हलवा, मागे सरकायचं नाव नाही.

ऑर्डरवाल्याने नाडी ओढली. पुन्हा ओढली. मग पिशवी हातात धरून जोरात झटकली, आणि हसला.

"आजी, हेच हवं होतं आम्हाला," तो म्हणाला. "सगळ्या अशाच करा."

वाळूच्या पिशवीसाठी माणूस इतका खूश का होतो, हे मी विचारायला हवं होतं. पण कौतुक कानाला गोड लागतं ना!

पहिला गठ्ठा गेला. पिशव्यांना ना काज ना बटण, म्हणून ताईच्या खोलीत त्यातली एकही गेली नाही. दुसरा गठ्ठा शिवून होत आला, तेव्हाची ही गोष्ट.

दुपारची वेळ. जेवणं होऊन बायका पुन्हा मशीनवर बसल्या होत्या. माझी नात, चार वर्षांची, टेबलाखाली चिंध्यांशी खेळत होती. मशीनच्या आवाजात आधी कुणाला काही ऐकू आलं नाही. मग कटिंगमास्तर ओरडले, "अरे, पोर! पोर बघा!"

पोरीने पिशवी डोक्यात घातली होती आणि गंमत म्हणून नाडी ओढली होती. काळं डोकं आणि खाली पिवळा फ्रॉक. ती दोन्ही हातांनी गळ्याशी ओरबाडत होती आणि आतून कोंडलेला, बारीक आवाज येत होता. सून धावली. नाडी धरून ओढली, तर ती आणखी आवळली. माझीच शिवण ना ती! थोरल्याने टेबलावरची मोठी कात्री उचलली, मानेशी दोन बोटं घुसवली आणि नाडी कापली. पोरीचा चेहरा बाहेर आला, लालबुंद. तिने श्वास घेतला आणि मोठ्याने भोकाड पसरलं. रडणं इतकं गोड मला कधी वाटलं नव्हतं!

तेवढ्यात मागे धप्प असा आवाज झाला.

आरडाओरडा ऐकून ताई खाली आली होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी ती गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात डोक्यामागे, डोळे घट्ट मिटलेले. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. सगळी मशीन थांबली.

"ताई," मी जवळ गेले, "अगं ताई, काय झालं? उठ. इथे आपणच आहोत."

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. जमिनीवर पडलेल्या पिशवीकडे बोट केलं.

"हे कुठून आलं?"

"वाळूच्या पिशव्या आहेत," थोरला म्हणाला. "आपण शिवतोय."

"वाळूचा नाही." तिने मान हलवली. "हे डोक्याचा आहे."

मग तिने तिच्या मोडक्या भाषेत सांगितलं. ते मी नीट लावून लिहिते. संपावरच्या मास्तरांना बोलणी करायची म्हणून शाळेत बोलावलं आणि तिच्या नवऱ्याला तिथूनच उचललं, भर दुपारी, आवारात खेळणाऱ्या मुलांसमोर. डोक्यावर काळी पिशवी घातली. बाहेर तशाच पिशव्या घातलेल्या माणसांची रांग होती. फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या, आणि कुणाचं माणूस कोणतं हेच कुणाला कळेना! हिने आपला नवरा चालण्यावरून ओळखला. तो डावा पाय जरासा ओढतो. मग रांग गाडीत गेली.

"तेव्हा पिशवी साधा होता," ताई म्हणाली. "नाडी ढिला. काही लोक मान अशी-अशी करायचे, पिशवी वर जायचा, तोंड दिसायचा. मग ओरडायचे. नाव ओरडायचे. मी अमका, घरी सांगा. आम्ही लोक नाव लिहून घ्यायचे. नाव लिहिलं, की मग ते म्हणू शकत नाही, की आम्ही या माणसाला पकडलाच नाही."

तिने ती कापलेली पिशवी उचलली. दुहेरी नेफ्यावरून बोट फिरवलं. आडव्या टाक्याशी थांबली.

"हे कुणी केलं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"आता नाही निघणार," ती हळूच म्हणाली, आणि पिशवी घडी करून टेबलावर ठेवली. आमच्या वस्तूची घडीसुद्धा मोडू नये म्हणून जपल्यासारखी. त्यापेक्षा तिने माझ्या तोंडावर फेकली असती तर बरं झालं असतं!

सून पोरीला घेऊन वर गेली, तिच्यामागून ताईही. खाली थोरला येरझाऱ्या घालायला लागला.

"हे बघ आई, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं कारण तू विचारलं नाहीस."

"तू विचारलंस ना? त्याने सांगितलं का खरं?"

"नाही सांगितलं. आणि मी ते ऐकून गप्प बसले, नाडीच्या नादात. माझं मी बघीन. तू पुढे काय करणार ते सांग. उद्या सकाळी टेम्पो येणार आहे."

तो टेबलाला टेकला. "आपण नाही दिल्या तर दुसरा कुणी देईल. गल्लीत काय कमी कारखाने आहेत? लष्कर आपण बसवलं नाही, त्या माणसांना आपण पकडलं नाही. आपण फक्त कापड शिवलं. शेवटी ती एक पिशवीच ना? आत काय घालायचं ते घालणारा ठरवतो."

"फक्त पिशवी?" मी म्हटलं. "मग घाल की."

"काय?"

"डोक्यात घाल. फक्त पिशवीच आहे ना! का भीती वाटते?"

सगळा कारखाना बघत होता. थोरला चिडला. गठ्ठ्यातून एक पिशवी ओढली आणि घातली डोक्यात. मी पुढे होऊन नाडी ओढली. फार नाही, पण मागे सरकणार नाही एवढी.

"आता चाल," मी म्हटलं. "दारापर्यंत जा आणि परत ये."

तो चालला. पहिल्याच पावलाला स्टुलाला अडखळला. माझ्या पोटचा पोर, त्याची चालसुद्धा मला अनोळखी वाटायला लागली. हात पुढे चाचपडत होते. तोंडाशी कापड आत-बाहेर होत होतं. मशीनवरच्या एका मुलीने तोंड फिरवलं. मला कटिंगमास्तरांनी खूण केली की पुरे, पण मी थांबवलं नाही.

आणि तेवढ्यात जिन्यावरून नात उतरली. आईचा डोळा चुकवून, बापाला शोधायला आली असणार. तिने समोर तो काळ्या डोक्याचा माणूस पाहिला, आणि किंचाळली,

"बाबा! बाबा, लवकर या! तो माणूस आलाय!"

"अगं, मीच आहे! मीच आहे बाळा!" तो आतून ओरडला. पण कापडाआडून तो आवाज कुणाचाच नव्हता. तो तिच्या आवाजाच्या दिशेने हात पसरून वळला, तशी ती आणखी घाबरून जिन्याखालच्या कोपऱ्यात शिरली. "बाबा! बाबा!"

तिचा बाबा तिच्यापासून चार हातांवर उभा होता, आणि ती त्याच्यापासून वाचवायला त्यालाच हाका मारत होती!

मी कात्री घेतली आणि नाडी कापली. पिशवी निघाली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो पोरीजवळ जमिनीवर बसला. तिने त्याच्या गालाला हात लावून बघितला, नाकाला लावला, मग गळ्यात पडली.

उठला तेव्हा एवढंच म्हणाला, "मास्तर, गठ्ठा सोडा. सगळ्या उसवायच्या."

माझ्या कारखान्यात त्या दिवशी मशीन पुन्हा चालली नाहीत. सगळ्या जणी मांडीवर पिशव्या घेऊन बसल्या आणि ब्लेडने एकेक टाका कापत राहिल्या. आमची शिवण ती, सहज सुटते थोडीच! बोटं चिरली. पुढे ताईही खाली आली आणि सुनेच्या शेजारी बसली. पहिल्यांदाच चार माणसांत बसली. माझ्या हाताने मी माझी शिवण उसवत होते आणि मला तिचा अभिमान वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डरवाला आला. टेबलावर सपाट कापडाचे तुकडे रचून ठेवलेले, शेजारी नाड्यांचा ढीग.

"हे काय?"

"तुमचं कापड," थोरला म्हणाला. "या पिशव्या कशाला आहेत?"

आयुष्यात पहिल्यांदा! माझ्या कानांनी ऐकलं मी.

"सांगितलं ना, वाळूला."

"मग एक तुम्ही घालून दाखवा. एक ठेवलीय शिवलेली."

ऑर्डरवाल्याचं हसू जागेवरच राहिलं, पण डोळे हसायचे थांबले. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि ती ताईवर येऊन थांबली. तोंडवळ्यावरून त्याने ओळखलं असावं, तिच्याशी तो तिच्याच भाषेत काहीतरी बोलला. दोन-तीनच वाक्यं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, तुझा माणूस कोण ते शोधता येईल. माल वेळेवर मिळाला, तर त्याला सांभाळून घेतील. नाही मिळाला..."

थोरल्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मला दिसत होतं, तो पुन्हा डळमळायला लागला होता, आणि या वेळी त्याला दोष तरी कसा द्यायचा?

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं करू."

तिने पदराशी चाळा करावा तसा हातातल्या ब्लेडशी चाळा केला. मग मान वर केली.

"माझा एक माणूस," ती म्हणाली. "त्या गठ्ठ्यात किती बायकांचे माणूस? नको देऊ."

ऑर्डरवाला कापड टेम्पोत भरून निघून गेला. जाताना दारावरचा आमचा पत्ता त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी असायची. काचा काळ्या. ताई अजूनही एकटी बाहेर जात नाही, सोबत आमच्यापैकी कुणीतरी असतंच.

"आता तो दुसऱ्याकडे जाईल," सून म्हणाली.

"जाऊ दे," थोरला म्हणाला. "त्याच्या आधी मी जातो."

त्याने ती उरलेली एक पिशवी खिशात कोंबली आणि गल्लीतल्या प्रत्येक कारखान्यात गेला. भाषण दिलं नाही, त्याला येतही नाही. पिशवी पुढे करायचा आणि म्हणायचा, "घालून बघा, मग ठरवा." काही हसले. एकाने याला वेडा म्हणून हाकललं. पण घातलेल्यांपैकी एकानेही ऑर्डर घेतली नाही. टोकाच्या कारखान्याच्या मालकाने मात्र पिशवी न घालताच ऑर्डर घेतली. तर तिथल्या बायकांनीच नेफ्याला हात लावायला नकार दिला. "दुसरं काहीही द्या, रात्रीचा दिवस करू. हे नाही." कापड आठवडाभर पडून राहिलं आणि परत गेलं. कुठल्या देशाच्या कुठल्या मास्तरासाठी त्या बायका भांडल्या, त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं!

पण पहिला गठ्ठा गेलेला होता. तो मला काट्यासारखा सलत होता. शेवटी मी थोरल्याला म्हटलं, "मी बांधलंय ते मला सोडवता यायला हवं. बस इथे."

त्याने पिशवी घातली. मी नाडी आवळली आणि त्याचे हात मागे बांधले, तिकडे बांधतात तसे. सून कात्री घेऊन शेजारी उभी. तो मान हलवून, खांदा घासून बघत होता आणि काही होत नव्हतं. घुसमटला की सून कापायची, मी नवी नाडी ओवायची, पुन्हा. किती वेळा झालं कोण जाणे. मग मी म्हटलं, "आडवा टाका मानेमागे येतो. हनुवटी छातीला लाव आणि मान दाराजवळच्या भिंतीच्या कडेवर वरून खाली घास." त्याने घासली. टाका कडेला अडकला आणि नाडी बोटभर सरकली. पुन्हा घासली, आणखी बोटभर. आणि हनुवटीवरून पिशवी वर गेली! ताई मोबाइल धरून उभी होती. तिने ते सगळं टिपलं, तिच्या भाषेत समजावून सांगितलं आणि पलीकडे पाठवलं. दाराजवळ भिंतीची कड कुठल्याही कोठडीत असतेच.

परवा तिकडून एक चित्रफीत आली. मिनिटभराचीसुद्धा नाही. उघड्या गाडीत काळ्या डोक्यांची रांग. त्यातलं एक डोकं गाडीच्या खांबाच्या कडेला मान घासत होतं. पिशवी वर सरकली. आत एक तरुण मुलगी. तिने आपलं नाव ओरडलं, गावाचं नाव ओरडलं, आणि मग चित्र हललं आणि बंद झालं. पुढे तिचं काय झालं, कुणाला माहीत? ताईने ते नाव कागदावर लिहिलं. ती मुलगी तिची कुणीही नव्हती. नवऱ्याची अजून काही खबर नाही.

थोरला माझ्याकडे वळला. चेहरा उजळला होता. "आई, सुटली गं आपली नाडी!"

तेव्हा मी त्याला जे म्हटलं ते तुम्हीही ऐका.

"छाती फुगवू नकोस. एक सुटली, बाकीच्या अजून आवळलेल्या आहेत, आणि त्या तुझ्या-माझ्या हातच्या आहेत. लांबच्या माणसाचा गळा आवळायलासुद्धा कुणाचे तरी हात लागतात रे, आणि ते हात कुठेतरी चहा पिऊन, पोराला थोपटून, निमूट कामाला लागलेले असतात. तू काही रणगाड्यापुढे उभा राहिला नाहीस. तू फक्त 'कशाला' विचारायला शिकलास, तेही स्वतःची पोर घुसमटल्यावर. पण शिकलास. आता पुन्हा कधी माझ्यासमोर 'आपल्याला काय करायचंय' म्हणालास, तर माझ्या मशीनला हात लावायचा नाही!"